मेण लागलेलं झाकण

ऑगस्ट उतरणीला लागला की माझ्या दुकानातल्या पेट्रोलला मेणाचा वास येऊ लागतो. खरं तर येत नसतो, मलाही ते माहीत आहे. दुकान निर्मळच्या रस्त्यावर आहे. समोरून केळीचे घड लादलेल्या सायकली जातात, फुलांच्या पाट्या बांधलेल्या स्कूटरी जातात. माझ्याकडे येतात ते वाडीवाल्यांचे फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, एखादी अडून बसलेली मोपेड. समुद्र इथून दिसत नाही. पण पाऊस दमतो, दुपारी तासभर ऊन पडतं, ओल्या जमिनीतून वाफ निघते, आणि मला कळतं की तिकडे किनाऱ्यावर होड्यांवरच्या झावळ्या निघाल्या असतील. कुणी बुडाला रंग देत असेल. एखाद्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादर पाण्याचे शिंतोडे देत होडीहोडीपाशी फिरतील. मग हातात येईल ते झाकण मी नाकाशी नेऊन बघतो.

गिऱ्हाईक विचारतं, काय हो, पेट्रोल भेसळीचं आहे का? मी म्हणतो, नाही, सवय आहे.

मी मूळचा जतकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी पडलेलं आभाळाचं ठिगळ. सातवीनंतर शाळा सुटली. वडिलांच्या पाठोपाठ विहिरींवर डिझेल इंजिनं दुरुस्त करत हिंडू लागलो आणि वर्गात परत जायचं राहूनच गेलं. वडील गेल्यावर नालासोपाऱ्याला आलो. गावच्या चौघांच्या खोलीत पाचवा होऊन राहिलो आणि एका गॅरेजात स्कूटरी उघडू लागलो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा त्या गॅरेजच्या जागेवर बिल्डिंग उभी राहायला लागली. सामान आवरत होतो त्या दिवशी इनासकाका आले. वसईला किल्ल्याच्या मागच्या अंगाला, खाडीच्या काठाला त्यांचा पाडा. आपली मोपेड घेऊन ते अधूनमधून यायचे, तेवढीच ओळख. साठीचे, बुटके, उन्हाने भाजून निघालेले.

"होडीचा मशीन उघडशील काय?" त्यांनी विचारलं.

"कधी बघितलं नाही, काका."

"मी पन तुझ्या विहिरी बघितल्या नाय. चल."

मी गेलो तो तिथलाच झालो. घराला लागून जाळ्यांची खोली होती. जाळी एका भिंतीला सारून काकांच्या बायकोने, फिलोमिनामावशीने, माझी चटई अंथरली. एवढं कुणी करतं का हो, परक्यासाठी? मला आभार मानायची खोड आहे. चहाचा कप हातात आला तरी दोनदा थँक्यू म्हणायचो. आणि भीतीचीही खोड आहे. आपल्या हातून काही तुटलं, सांडलं, हरवलं तर हे आपल्याला इथून काढतील, असं सारखं वाटायचं. रोज संध्याकाळी पाने मोजून फडक्यात गुंडाळायचो. काका मला कोरड्या म्हणायचे, कोरड्या मुलखातला म्हणून.

"ए कोरड्या, तू काय देवळात बसलास? थँक्यू ठेव तिकडं, पाना दे!"

मशीन जुनं होतं. होडीच्या पाठीला अडकवायचं, दोरी ओढून सुरू करायचं. वरचा रंग उडून खालचा धातू पांढुरका पडलेला. काकांनी ते दुसऱ्याने वापरलेलं घेतलं होतं आणि आपणही बरीच वर्षं वापरलं होतं. पेट्रोलची टाकी वेगळी, तांबड्या प्लास्टिकची, होडीत पायापाशी ठेवायची. तिच्यापासून मशीनपर्यंत रबरी नळी, नळीच्या मध्ये हाताने दाबायचा फुगा. टाकी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्या झाकणावर मेणाचं जाड थारोळं होतं, पिवळसर, पोस्टातल्या लाखेच्या शिक्क्यासारखं.

"त्याला हात नको लावू हां," मावशी म्हणाल्या होत्या. "आशीर्वादाची मेनबत्ती हाय ती. मशीनसाठी लावलेली. शेवटपर्यंत जळली."

दरवर्षी मेणबत्ती होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला लावायची. मी आलो त्या वर्षी मावशींनी ती मुद्दाम मशीनसाठी लावली, धुऊन कोरड्या केलेल्या टाकीच्या झाकणावर. कारणही तसंच होतं. त्यांचा मुलगा जेरी मुंबईत नोकरीला होता, विरारला फ्लॅट घेऊन राहत होता. मुलगा चांगला. पण गेल्या मोसमात मशीन दोनदा कुरकुरलं होतं, बाप पाण्यावर एकटा असायचा, आणि पावसाळ्यात जेरीने घरी बसून स्वच्छ सांगितलं होतं, "या वर्षी मशीन भर पाण्यात बंद पडलं तर मी विकून टाकणार, बाबा. मग तुम्ही रागवा, नाहीतर जेवू नका." काका हो म्हणाले होते. त्यांना होडीशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं. किनाऱ्यावर ते चालायचेही कसे, दुसऱ्याचे जोडे घातल्यासारखे.

म्हणजे ते मशीन चालतं ठेवणं हे माझं काम, आणि काकांचं उरलेलं आयुष्य त्यावर. मला हे कुणी असं सांगितलं नाही. मावशी माझ्या ताटात जास्तीचा तुकडा वाढायच्या, त्यावरून मी समजायचो.

त्या होडीत मी पहिल्यांदा चढलो तेव्हा चप्पल काढून चढलो. काका हसून बेजार झाले.

भाद्रपदातला समुद्र मला अजून डोळे मिटले की दिसतो. गढूळ, जड, वरून शांत आणि आतून ढवळलेला. खाडीतून वाहून आलेल्या फांद्या, चिखलाचा वास. आम्ही खाडीच्या तोंडाशी पोचायचो, दहाबारा मिनिटं झालेली असायची, आणि मशीनचा आवाज पातळ व्हायचा. मग दोनदा खोकल्यासारखं करून ते गप्प. त्यानंतरच्या शांततेची मला फार भीती वाटायची. इंजिन बंद पडणं मला नवं नव्हतं. पण विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर माणूस बांधावर बसतो, तंबाखू मळतो. इथे होडी हळूच आडवी व्हायची, पाणी फळ्यांना चळक चळक करत बडवायचं आणि किनारा आपला आपण सरकत लांब जायचा.

"घाबरलास काय?" काका विचारायचे.

"नाही."

"मग माझा पाय सोड."

मी कामाला लागायचो. वडिलांनी शिकवलेली पहिली गोष्ट, काहीही उघडण्याआधी तेल आहे का बघ. झाकण कडेने धरायचो, मेणाला बोट लागू न देता, आणि हळूच फिरवायचो. आतून सूंऽऽ असा सुस्कारा यायचा. टाकी उन्हाने तापली, पेट्रोलची वाफ बाहेर पडतेय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पेट्रोल असायचंच. झाकण लावायचो. मग प्लग काढून पुसायचा, फुगा दाबायचा, दोरी ओढायची. मशीन सुरू!

प्लग. मला वाटलं, प्लगच होता.

चार दिवसांनी परत तेच. जेरीच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, असं काकांनी मला बजावलं होतं. मग मी कार्बोरेटर उघडला, त्याची बारीक भोकं तारेने साफ केली. पुन्हा तेच झालं तेव्हा नळीचे क्लिप आवळले. एकदा फुगा दाबलेल्या भाकरीसारखा चपटा झालेला दिसला, म्हणून नालासोपाऱ्याला जाऊन नवा आणला. दर वेळी मी तेल बघायला झाकण उघडलेलं असायचं, दर वेळी मशीन सुरू व्हायचं, आणि दर वेळी मला वाटायचं की आज सापडलं. किनाऱ्यावर पाण्याच्या पिंपात लावून बघितलं तर ते कधीच बंद पडायचं नाही. पेट्रोल ओतत राहावं लागे म्हणून तिथे मी झाकण नुसतं टेकवून ठेवायचो, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

काका म्हणायचे, "तुझा हात ओळखतो तो मशीन. मी दोरी ओढून मेलो तर ऐकत नाय, तू आलास की चालू."

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शाळेत माझा कुठलाच हात कुणी ओळखला नव्हता. आईला पोस्टकार्डात मी लिहिलंसुद्धा, इथे माझ्या हाताला गुण आहे म्हणतात, घरच्यासारखं ठेवतात, काळजी करू नकोस. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात. हाताला गुण म्हणे!

मग एक दिवस फिल्टरच्या वाटीत पाण्याचा थेंब दिसला. एकच, काचेच्या मण्यासारखा. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. खारं पाणी पेट्रोलमध्ये जातंय! लाटेचे तुषार टाकीवर उडतात, मी झाकण उघडतो, तेव्हाच जात असणार. सगळं जुळत होतं. मी काकांना समोर बसवलं, मास्तरांसारखं बोट उगारलं आणि सांगितलं, "काका, पाण्यावर टाकी उघडायची नाही. काही झालं तरी. झाकण घट्ट आवळायचं, एक थेंब आत जायला नको."

"बरं, मास्तर."

"मस्करी नाही, काका."

"नाय उघडत, बाबा. मेनबत्ती पन हाय तिच्यावर."

आश्विनातली ती सकाळ होती. ऊन लागायला सुरुवात झाली होती, धुक्यासारखा ओलसर उजेड, ओहोटी. मला आदल्या दिवसापासून ताप होता. काका खोलीच्या दारातून म्हणाले, "पड तू. मी हाय नि मशीन हाय." मी अंगावर गोधडी ओढली. कबूल करायचं तर मला हायसं वाटलं होतं. आज पाण्यावर जायला नको.

पुढचं मी ऐकलेलं आहे. खाडीच्या तोंडाशी मशीन खोकलं आणि थांबलं. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत होतं. काकांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली. कुणी म्हणालं तीस वेळा, कुणी म्हणालं पन्नास. टाकी त्यांच्या पायापाशी होती. झाकण चार बोटांवर होतं. ते त्यांनी उघडलं नाही, कारण मी उघडू नका म्हटलं होतं. शेजारच्या पाड्यातल्या एका होडीने त्यांना ओढून आणलं तेव्हा ते फळीवर आडवे होते आणि डावा हात उजव्या हाताने धरून ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता.

वाचले. दवाखान्यातून घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही, दोरी ओढायची नाही, होडीवर जायचंच नाही. जेरी ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "खाडीपलीकडचा एक माणूस मशीन बघायला येईल रविवारी. दादा, तू तेवढं ते नीट करून ठेव. कुणाला फसवायचं नाय आपल्याला." मला काढून टाकायची ही सुरुवात आहे असं मला वाटलं. पण तो आतून कांबळं घेऊन आला आणि म्हणाला, "ताप गेला काय तुझा?" दोष दिला असता तर सोपं गेलं असतं.

ते घर त्या दिवसांत कसं झालं होतं! सुकत घातलेले बोंबील कुणी परतत नव्हतं. काका ओसरीवर खुर्चीत बसायचे, समुद्राकडे पाठ करून. मला कोरड्या म्हणणं बंद झालं होतं. ते मला नावाने हाक मारू लागले होते, आणि माझंच नाव मला परक्यासारखं वाटायचं.

शनिवारी दुपारी मी मशीन पिंपात लावलं. गिऱ्हाईक बराच वेळ चालवून बघणार, म्हणून टाकी काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट आवळलं. दहाबारा मिनिटं झाली. आवाज पातळ झाला. दोनदा खोकला, आणि गप्प. जमिनीवर, पहिल्यांदाच.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारख्या. ओसरीवर मावशी तेलाचा नवा डबा फोडत होत्या. खिळा ठेवला, दगड मारला, एक भोक पाडलं. मग डबा फिरवून समोरच्या कोपऱ्यात दुसरं.

माझी आईही हेच करायची. लहानपणी मी तिला विचारलं होतं, दोन कशाला गं? ती म्हणाली होती, "एक त्याल भाईर याला, एक वारं आत जायाला. वारं आत गेल्याबिगर त्याल भाईर येत न्हाई."

मी झाकण धरलं. या वेळी कडेने नाही. हळूहळू फिरवलं आणि कान लावला. सूंऽऽ. तो सुस्कारा बाहेर येत नव्हता, आत जात होता. एवढे दिवस ती टाकी श्वास घ्यायला बघत होती आणि मी तिचं तोंड आवळत होतो. गाल टपकन पहिल्यासारखे झाले. नखाने मी मेण खरवडलं. खाली पितळेचा छोटा स्क्रू निघाला, त्याच्या बाजूला सुईएवढं भोक, मेणाने गच्च भरलेलं. हवेचं भोक. आधीच्या मालकाने स्क्रू सैल करून ठेवला असणार, तो तसाच राहिला, म्हणून काकांना त्याच्याकडे बघायची वेळच आली नव्हती.

आशीर्वादाला हात लावायचा नाही म्हणून मी त्या एकाच जागी बघितलं नव्हतं. बाकी सगळं मशीन उघडून झालं होतं.

मेणाची खपली तळहातावर घेऊन मी काकांपुढे जाऊन उभा राहिलो. मावशी आत होत्या. मी सगळं सांगितलं, तुटक तुटक, दोन-तीनदा तेच तेच. काकांनी खपली उचलून वास घेतला.

"म्हंजे मशीन चांगला होता," ते म्हणाले.

"होय, काका."

"टाकी उघडली असती तर चालू झाला असता?"

"होय."

ते खपलीकडे बघत राहिले. "तू नको सांगलेलास," ते म्हणाले. रागाने नाही. काल वारा कुठून होता ते सांगावं तसं. मी रडायला लागलो. सत्तावीस वर्षांचा घोडा, ओसरीवर उभा राहून! त्यांनी उजवा हात पुढे केला आणि माझ्या मनगटाला धरलं.

"तिला नको बोलू. कवाच नाय. कळला?"

रविवारी गिऱ्हाईक यायच्या आधी, सकाळीच, काका म्हणाले, "मला एकदा घेऊन चल." जेरी तयार नव्हता. शेवटी तो स्वतःही बसला, दोरी मी ओढली. एकाच झटक्यात सुरू. काका मधल्या फळीवर बसले, प्रवाशासारखे, हात मांडीवर. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. खाडीचं तोंड आलं, मागे पडलं. आवाज जाड, एकसारखा. मी आयुष्यात इतकं नीट चाललेलं मशीन ऐकलेलं नाही, आणि इतकं ऐकवेनासं झालेलंही दुसरं नाही. काका मान किंचित तिरकी करून ऐकत होते. मला वाटतं, ते बंद पडायची वाट बघत होते. ते बंद पडलं असतं तर सगळं सोसायला सोपं झालं असतं. म्हातारं मशीन, म्हातारा माणूस, दोघांचं संपलं, असं म्हणता आलं असतं. ते तासभर चाललं. जेरीसुद्धा टाकीकडे आणि माझ्याकडे बघत होता.

परतलो तेव्हा मावशी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. लांबूनच त्यांना आवाज कळला होता. लुगडं भिजलं होतं आणि तोंड उजळलं होतं.

"बघितलास?" त्या काकांना म्हणाल्या. "मी सांगत होते ना? मेनबत्ती शेवटपर्यंत जळली व्हती. देवानं ऐकला." मग त्यांचं लक्ष काकांच्या मांडीवरच्या हाताकडे गेलं आणि आवाज खाली आला. "पन उशिरा ऐकला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी दोरी गुंडाळत राहिलो. दुपारी तो माणूस आला, बघून खूश झाला, मशीन घेऊन गेला.

इनासकाका त्यानंतर चार पावसाळे जगले. मला निर्मळच्या रस्त्यावरची ही जागा जेरीनेच ओळखीतून मिळवून दिली. दुकान उघडलं त्या दिवशी काका मोपेडवर मागे बसून आले, सगळीकडे बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी म्हणाले, "कोरड्या, पाने मोजलेस काय?" त्या एका हाकेसाठी मी अजून इथे आहे असं कधीकधी वाटतं. आई गावी बोलावत राहिली. मी गेलो नाही. एवढं घेतलेलं सोडून जायचं कसं?

मावशी आता थकल्या आहेत. होडी नाही, पण किनाऱ्यावर होड्यांना आशीर्वाद द्यायचा दिवस आला की त्या माझ्यासाठी एक मेणबत्ती आठवणीने बाजूला ठेवतात. तुझ्या मशीनींना लाव, म्हणतात. मी ती बशीत लावतो, टाक्यांपासून लांब, दाराशी, आणि विझेपर्यंत कुठल्याही कामाला हात लावत नाही. या वर्षी मेणबत्ती हातात देताना त्यांनी माझी बोटं धरून ठेवली.

"तो आपला मशीन अजून चालत असेल काय रं?"

"चालत असेल, मावशी."

"देवानं ऐकलेला ना तवा. थोडासाच उशीर केला बघ त्यानं."

मी मान हलवली, सवयीने दोनदा थँक्यू म्हणालो, आणि बाकीचं मनातच ठेवलं. देवाने उशीर केला नव्हता, मावशी.